पाटी उतरव आधी

परवा भाईंदर स्टेशनाबाहेर पांढऱ्याशुभ्र कपड्यांतल्या एका सद्गृहस्थांनी नाकाला रुमाल लावला आणि मला विचारलं, "ती वासाची मोटार अजून चालते वाटतं?"

मी म्हटलं, "चालते. तुमच्या नाकाला विचारून चालत नाही."

ते चिडले. चिडू देत. ज्या मोटारीला ते नावं ठेवत होते तिच्यात उत्तनच्या बायकांचे पाय विसावले आहेत. तिला तो वास का लागला, कुणामुळे लागला, हे डोळ्यांनी पाहिलेली माणसं आता फारशी उरली नाहीत. म्हणून लिहितो. हे पत्रक नव्हे. पत्रकात एक अन्याय असतो, एक अन्यायी असतो आणि खाली सह्या असतात. कातरीनबाय तेवढ्या कागदात मावणारी नव्हती.

ती उत्तनच्या किनाऱ्यावर राहायची आणि मासळी विकायची. नवरा समुद्रात गेला तो परत आला नाही. हे ती इतक्या सरळ सांगायची की ऐकणाऱ्यानंच मान खाली घालावी. उंचीनं माझ्या खांद्याला लागेल एवढी, पण डोक्यावर पाटी चढली की माझ्याहून उंच. लाल लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस. आणि मान? तिची मान वळतच नसे. जन्मभर डोक्यावर मासळीची पाटी वाहून ती मान वळायचं विसरून गेली होती. मागून कुणी हाक मारली तर कातरीनबाय पायांसकट अख्खी वळायची, होडी वळते तशी. तोवर हाक मारणारा निम्मा घाबरलेला असायचा.

तिचं एक वाक्य साऱ्या किनाऱ्याला पाठ होतं. बायका भरल्या पाट्या डोक्यावर घेऊन रस्त्यात भांडायला उभ्या राहिल्या, की ही मध्ये जाऊन म्हणायची, "पाटी उतरव आधी. मंग बोल." का, म्हणून मी एकदा विचारलं. "वजन डोक्यावर असलं का मानूस न्हायतर भांडतं, न्हायतर खोटं बोलतं. खाली ठेवलं का निम्मं भांडन ऱ्हातच न्हाय." हा नियम तिनं नवरा-बायकोच्या भांडणाला लावला, होडीच्या वाटणीला लावला आणि पाद्रीसाहेबांनाही लावला. ते बिचारे हातातली छत्री खाली ठेवून मग बोलले.

माझी तिची ओळख लॉरीमुळे झाली. उत्तनहून भाईंदर स्टेशनापर्यंत एका शेठची लॉरी मासळीच्या पाट्या न्यायची. पाट्या न्यायची, बायका नाही. बायकांना वास येतो, म्हणे! आत मासळी ठेवून वर हे बोलायचं. तेव्हा पाट्या लॉरीत आणि ज्यांच्या पाट्या त्या बायका मागून डोंगरी, राई, मुर्धे असा सगळा रस्ता पायी, तोही पळत. कारण स्टेशनावर उशीर झाला तर शेठची माणसं पाट्या उन्हात उतरवून मोकळी व्हायची. वर कधी पाटीतले वरचे पापलेट वाटेतच गडप. मी भाईंदरचा, घरची थोडी मिठागरं, कॉलेज अर्धवट सोडलेलं, आणि अंगात चळवळीचं वारं. हे पाहून माझं डोकं फिरलं. मी पत्रक छापलं : 'मासळी लॉरीत आणि माणसं पायी!' खाली सरकारकडे सात मागण्या. ते घेऊन उत्तनच्या वाळूत उभा राहिलो आणि मोठ्यानं वाचायला लागलो.

कातरीनबायनं सगळं ऐकून घेतलं. मग पत्रक हातात घेऊन बोटांनी चोळलं, नाकाशी नेलं.

"ए कागदवाल्या, शाई उतरते रं ह्याची. पाटीत घालायच्या कामाचा न्हाय हा कागद."

बायका हसल्या. मी म्हटलं, "मावशी, हे पाटीत घालायला नाही. तुमच्या हक्कासाठी आहे."

"सात हक्क? सात मागितलेस तर तो साहेब सातवा देल, कागदाच्या शेपटाकडचा. एक माग."

"कुठला?"

"बसायचा."

तेव्हापासून मी तिच्यासाठी कागदवाल्या झालो, आणि माझ्या मागण्या सातावरून एकावर आल्या.

ती एक मागणी घेऊन आम्ही ठाण्याला एका सरकारी साहेबांकडे गेलो. साहेब खुर्चीत मागे सरकून बसले आणि त्यांनी खिशातून रुमाल काढला. मी आतून पेटलो. भाषण ओठांवर आलं होतं, पण कातरीनबाय पुढे झाली आणि अगदी मायेनं म्हणाली, "सायबा, रुमाल जरा खाली घे. मला तोंड दिसू दे. कोनाशी बोलतंय ते कलाया नको?" साहेबांनी रुमाल खाली घेतला. तसाच मुठीत धरून त्यांनी आमचं सगळं ऐकलं आणि काहीही केलं नाही. बाहेर आल्यावर मी सरकारला शिव्या घालत होतो. ती शांतपणे पानाला चुना लावत होती.

"झालं तुझं? आता आपनच गाडी घेव."

मला वाटलं, बाई चिडून बोलते आहे. पण उपासाचा काळ सुरू व्हायच्या आत, ईस्टरपूर्वीचे ते चाळीस दिवस जेव्हा वांद्र्याच्या ख्रिस्ती वस्त्यांत मांस बंद होतं आणि मासळी हातोहात जाते, त्याच्या आत उत्तनच्या आठ बायकांनी मिळून मुंबईहून एक जुनी मोटार आणली. कशी घेतली ते मी सांगणार नाही. तशी तिची ताकीद आहे. एवढंच सांगतो की त्या साली पुष्कळ मनगटं रिकामी दिसत होती.

मोटार म्हणजे उघडी, कापडी टपाची, लाकडी आऱ्यांच्या चाकांची. पूर्वी कुणा साहेबाची असावी. मागची बाकडी काढून पाट्यांना जागा केली आणि दोन फळ्या बसायला ठेवल्या. चालवायला कातरीनबायचा पुतण्या लोरेस. तो मुंबईत कुणाकडे ड्रायव्हर होता. सरळ माणूस, पण अतिशय भित्रा. समोर कोंबडी आली तरी तिला आधी वाट द्यायचा.

ही बातमी लॉरीवाल्या शेठला कळताच त्यानं निरोप धाडला : जी बाई त्या मोटारीत बसेल, तिची पाटी पुन्हा माझ्या लॉरीत चढणार नाही. कधीच नाही. म्हणजे मोटार चालली तर चालली. नाही चालली, तर आठही घरांना भरली पाटी डोक्यावर घेऊन भाईंदरपर्यंतची वाट, जन्मभर.

उत्तनमध्ये नवी होडी पाण्यात जाण्याआधी पाद्रीसाहेब तिला आशीर्वाद देतात. मोटारीलाही दिला. फुलांचे हार, पवित्र पाणी, बँडवर दोन गाणी. नाव ठेवलं 'सांत आना', एका संत बाईचं. लोरेसनं नावाची पाटी पुढे बांधली. लॉरीची दोन माणसंही तोंडं वेंगाडून बघायला आली होती. बॉनेटवर हात ठेवून त्यांनी काहीतरी वाह्यात शेरा मारला. मी ते डोक्यात नोंदवून ठेवलं. असल्या गोष्टी नोंदवणं हा माझा धंदा. त्या रात्री मी तिथल्याच शाळेच्या पडवीत झोपलो, कारण पहाटेच्या पहिल्या फेरीत मला बसायचं होतं.

पहाटे आठही जणी आल्या. निम्म्या पाट्या मागे चढल्या. पण गंमत बघा, बायका आत बसल्या तरी चार जणींनी पाट्या डोक्यावरच धरलेल्या! हात सवयीनं वर गेलेले. कातरीनबाय ओरडली, "अगं, गाडी कशाला घेतली मंग? पाटी उतरव आधी!" तेव्हा कुठे त्यांनी हसत पाट्या खाली ठेवल्या.

गाडी निघाली. डोंगरीपर्यंत झकास. मग धूर यायला लागला, निळा आणि दाट, आणि त्या धुराला वास येत होता तो तळलेल्या मासळीचा. आंजेल नावाची जाडगेली, थट्टेखोर बाई म्हणाली, "कोनाच्या घरात एवढ्या सकाली तलन चाललंय गं? मला भूक लागली." राई गेलं, तेव्हा गाडी खोकत होती. मुर्ध्याच्या अलीकडे, जिथे दोन्ही अंगांना मिठागरं सुरू होतात, तिथे 'सांत आना' दोन आचके देऊन थांबली. लोरेसनं हँडल फिरवलं. पुन्हा फिरवलं. त्याच्या कपाळावरून घाम ठिबकत होता आणि गाडी मेल्यासारखी उभी.

तेवढ्यात मागून लॉरी आली. मुद्दाम हळू झाली. क्लिनर बाहेर लोंबकळत ओरडला, "काय मावश्यांनो? होडी रुतली काय? या, पाट्या द्या वर. शेठच्या पाया पडा, मग बघू!"

मी दगड उचलला होता. कातरीनबायनं माझा हात धरला, दगड काढून घेतला, आणि अख्खी वळून त्या क्लिनरला म्हणाली, "जा रं बाबा. तुझी मासली सडल." मग बायकांकडे वळली, "उचला."

आणि आठ जणींनी पाट्या डोक्यावर घेतल्या. एकीनंही तोंडातून शब्द काढला नाही. मिठागराच्या बांधाबांधानं, पांढऱ्या ढिगांच्या मधून, त्या भाईंदरच्या दिशेनं चालू लागल्या. शब्द काढला नाही, हेच मला जास्त लागलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुपारी त्या परतल्या तेव्हा सोबत हसनभाई मिस्त्री होते. भाईंदरच्या भाताच्या गिरणीचं इंजिन ते सांभाळायचे, आणि मोटारींचंही त्यांना बऱ्यापैकी कळायचं. त्यांनी बॉनेट उघडलं. तोवर राई-मुर्ध्याचे लोक जमले होते आणि प्रत्येकाकडे एक गुन्हेगार तयार होता. पुरुष म्हणत होते, लोरेसला चालवता येत नाही, मुंबईतूनही त्याला त्याचसाठी काढलं असणार. लोरेस बांधावर डोकं धरून बसला होता आणि सारखं म्हणत होता, "मी काय न्हाय केलं. देवाशपथ, मी काय न्हाय केलं." मी म्हणत होतो, विकणाऱ्यानं फसवलं, मुंबईचे हे जुन्या मोटारींचे व्यापारी म्हणजे दिवसाढवळ्या दरोडा. खिशातून कागद काढून मी मथळाही लिहिला होता : 'गरीब कोळणींची फसवणूक!'

हसनभाईंनी तेल मोजायची सळई ओढली. बोट लावलं. नाकाशी नेलं. मग दुसरं बोट लावून पुन्हा हुंगलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी तो विसरणार नाही.

"ये इंजिन का तेल नहीं है," ते म्हणाले. "ये तो मच्छी है!"

एकदम कालवा. "लॉरीवाल्यानं घातलं!" "काल ती दोगं आलीच हुती!" "बॉनेटला हात लावत हुती, मी पायलं!" मी तर उडालोच. मीही पाहिलं होतं! विषप्रयोग! कट! मथळा खोडून मी दुसरा लिहायला घेतला. शेठच्या घरावर मोर्चा न्यायचा, आत्ताच्या आत्ता. दोन-चार गड्यांनी काठ्याही उचलल्या. निम्मे लोक चालायलासुद्धा लागले.

या सगळ्या वेळात कातरीनबाय मोटारीजवळ उभी होती. बाजारातून आली होती तशीच, रिकामी पाटी अजून डोक्यावर. ती काहीच बोलत नव्हती, आणि ती बोलत नाही हे गोंधळात कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मग तिनं दोन्ही हात वर नेले, पाटी उतरवली आणि रस्त्यावर ठेवली.

"थांबा," ती म्हणाली. "मी घातलं."

कुणाला कळेना. आंजेल म्हणाली, "काय घातलंस?"

"मुशीचं तेल. काल राती, लोरेस जेवाया गेला तवा."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मुशी हा मोठा मासा. त्याच्या काळजाचं तेल काढून उत्तनला होडीच्या फळ्यांना चोळतात, म्हणजे खारं पाणी लाकूड खात नाही. नव्या होडीला पहिलं तेल घरचं, घरच्या बाईच्या हातचं, असा तिथला रिवाज. कातरीनबायनं आपल्या नवऱ्याच्या होडीला लावलं होतं, तसंच हिला द्यावं म्हणून गेली. पण हिच्या अंगाला फळ्या नाहीत, पत्रा आहे. मग तेल जातं कुठे? लोरेसला तिनं एकदा झाकण काढून तेल ओतताना पाहिलं होतं.

"किती घातलंस?" हसनभाईंनी कपाळाला हात लावून विचारलं.

"किटलीभर. तोंडाला येस्तोवर."

कुणीच हसलं नाही. आठ घरांनी हिच्या शब्दावर हात रिकामे केले होते, आणि ते हिनंच बुडवलं, असं त्या घटकेला तरी दिसत होतं. तिच्या तोंडाकडे बघवेना. तिनं मात्र सगळ्यांकडे पाहिलं, एकेकीकडे, प्रत्येक वेळी पायांसकट वळून. मग लोरेसजवळ गेली आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "ऊठ रं. तुझा काय दोस न्हाय."

लोरेस ढसाढसा रडायला लागला. आणि त्या रडण्यातच आंजेल म्हणाली, "तरी म्हनलं, सकाली मला एवढी भूक कशी लागली!"

तिथे फुटलं हसू. आधी बायका, मग गडी, मग हसनभाई बॉनेटवर वाकून. काठ्या खाली पडल्या. कातरीनबायही हसली, पदर तोंडाशी धरून, डोळे पुसत.

मी एकटा कागद घेऊन उभा. माझा कट गेला, विषप्रयोग गेला. मी म्हटलं, "पण मावशी, तो शेठ काही साधू नाही!"

"न्हायच. त्यानं बायांना पलवलं, पाटीतलं मासं खाल्लं. ते लिही. पन हे त्याच्यावर घालू नको. त्याचं पाप त्याच्या पाटीत, माजं माज्या पाटीत."

शेठ नालायक होता हे मी तेव्हाही म्हणत होतो, आजही म्हणतो. पण त्या दिवशी त्याच्या घरावर चाललेल्या काठ्या एका बाईच्या चार शब्दांनी थांबल्या, हेही लिहिणं भाग आहे.

आता प्रश्न उरला तो एकच : इंजिन जगेल का? हसनभाईंनी प्लग काढले तर त्यांना काळा गोंद चिकटलेला. व्हॉल्व्ह अडकलेले. ते म्हणाले, "गाडी बूढी है, बेईमान नहीं. इन्होंने बेचारी को बदहज़मी कर दी." रस्त्याच्या कडेलाच, झावळ्यांच्या आडोशाला काम चाललं. सगळं तेल काढून टाकलं, रॉकेलनं पोट धुतलं, पुन्हा धुतलं, एकेक भाग खरवडला. कातरीनबाय बाजार करून रोज तिथे यायची आणि बांधावर बसून राहायची. मदत करू का, असं एकदाच म्हणाली. हसनभाईंनी हात जोडले, "माँजी, आप सिर्फ़ दुआ करो." मग ती जपमाळ घेऊन बसली. हसनभाई आतून पाना मागायचे आणि बाहेरून 'नमो मारिया' ऐकू यायचं. तो आठवडाभर बायका पायीच गेल्या. लॉरी बाजूनं जाताना क्लिनर रोज काहीतरी ओरडायचा.

शुक्रवारच्या पहाटे 'सांत आना' उत्तनच्या चौकात उभी होती. उपासातला शुक्रवार, त्या दिवशी वांद्र्याला मासळी वेळेवर पोचली नाही तर सगळा हंगाम हातचा गेला. लोरेसनं छातीवर क्रुसाची खूण केली आणि हँडल मारलं. पहिल्या फेऱ्याला काहीच नाही. दुसऱ्या फेऱ्याला इंजिन खाकरलं, आणि मग जे चालू झालं ते एकसारखं, दमदार. कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे नुसते ऐकत होते. डोंगरी गेली. राई गेलं. मुर्ध्याच्या मिठागराशी सगळ्या जणींनी श्वास धरला. मी फळीची कड इतकी घट्ट पकडली होती की बोटं पांढरी पडली. ती जागा मागे गेली तशी कुणीतरी "गेली गं बाई!" म्हटलं, आणि सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

भाईंदरला पोचलो तेव्हा आगगाडीला अवकाश होता. बायकांना उतरायची घाईच नाही! पळत आल्या नव्हत्या, दम लागला नव्हता. आता करायचं काय, हेच त्यांना कळेना. आंजेल आपले पाय पुढे करून बघत होती. "कोरडं हायत," ती म्हणाली. "बगा, धूल न्हाय."

तळणाचा वास मात्र त्या इंजिनातून कधीच गेला नाही. तापलं की येतोच. हसनभाई म्हणायचे, लोखंड एकदा खाल्लेलं विसरत नाही. आणि कातरीनबायनंही रिवाज सोडला नाही. दर वर्षी उपासाआधी ती किटली घेऊन यायची. हसनभाईंनी तोड काढली, "माँजी, लकडी को लगाओ, लोहे को नहीं." मग चाकांच्या लाकडी आऱ्यांना ती मन लावून तेल चोळायची. इंजिनचं तेल तिनं घरात सांत आनाच्या तसबिरीशेजारी ठेवलं होतं, डब्याला हार घालून. लोरेसला हवं असलं की तिच्याकडे मागावं लागायचं. पुढे उत्तनच्या बायका लॉरीत बसायला लागल्या, शेठनं स्वतः बोलावलं म्हणून. गिऱ्हाईक पळालं की असल्या लोकांच्या नाकातला वास जातो. महायुद्धात पेट्रोल मिळेना, तेव्हा मोटार झावळ्यांखाली उभी राहिली आणि तिच्यात कोंबड्यांनी अंडी घातली. लढाई संपली तशी ती पुन्हा निघाली.

कातरीनबाय गेल्या पावसाळ्याआधी वारली. मी पुरायला गेलो होतो, पण तिची आठवण काढली की मला ते दिसत नाही. दिसतं ते त्याच्या थोडं आधीचं. मी मुर्ध्याहून पायी येत होतो, उन्हं कलली होती, मिठाचे ढीग पिवळे दिसत होते. आधी तळणाचा वास आला. मग मोटार आली, उत्तनकडे परत चाललेली, रिकाम्या पाट्या एकात एक घालून रचलेल्या. मी हात वर करून हाक मारणार, तेवढ्यात आंजेलनं ओठांवर बोट ठेवलं.

तिच्या शेजारी कातरीनबाय झोपली होती. तोंड उघडं, पाय दारावरून बाहेर काढलेले, भेगाळलेले, कोरडे. आणि जी मान मी जन्मात कधी वळलेली पाहिली नव्हती, ती एका बाजूला कलून आंजेलच्या खांद्यावर टेकली होती.

पुढे मिठाची एक बैलगाडी रस्ता अडवून रेंगाळत चालली होती. लोरेसनं भोंगा वाजवला नाही. मोटार हळू करून तो तिच्या मागे मागे गेला.